वारा कुठून, ऊन कुठून? पक्षी टिपणाऱ्यांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये पक्ष्यांच्या फोटोंविषयीची पत्रं सर्वांत जास्त निघाली. बहुतेकांनी 'सेटिंग सांगा' एवढंच लिहिलं आहे. सेटिंग सांगतोच; पण अर्ध्या पत्रांत चूक कॅमेऱ्याची नव्हतीच, ती वेळेची किंवा उभं राहण्याच्या जागेची होती.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी उजनी धरणाच्या काठी, भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे साडेचारशे फोटो काढले. १५०-६०० मिमीची लेन्स, शटर १/२००० सेकंद, तरी एकही फोटो धड शार्प नाही. पक्ष्यांचे पाय पाण्यातून पाहिल्यासारखे वाकडेतिकडे दिसतात. लेन्स दुरुस्तीला टाकू का? (बिबवेवाडी)

टाकू नका. फोटोंची वेळ तुम्ही कळवली नाहीत, पण 'वाकडेतिकडे पाय' वाचून आमचा अंदाज असा की हे फोटो सकाळी दहानंतरचे असावेत. ऊन चढलं की उजनीच्या काठचा काळा गाळ भराभर तापतो, पाणी मात्र थंडच राहतं. त्या दोन्हींवरची हवा एकमेकींत मिसळताना थरथरते. डांबरी रस्त्यावर दुपारी दिसते तीच ही थरथर. १/८००० वर शटर नेलं तरी उपयोग नाही. वाकडा दिसणारा पाय वाकडाच गोठेल. आणि लेन्स जेवढी लांबची, तेवढी ही थरथरही मोठी होऊन येते.

खात्री करायची असेल तर एकाच पक्ष्याचे सलग दहा फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून पाहा. एकात डोळा बरा, दुसऱ्यात फुटलेला, तिसऱ्यात चोच दुहेरी, असं फोटोगणिक बदलत असेल तर दोष हवेचा. दहाही फोटो सारखेच मऊ असतील तर फोकस किंवा लेन्स तपासा. घरी दहा मीटरवर भिंतीला वर्तमानपत्र चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावून फोटो काढा. बारीक अक्षरं वाचता आली तर लेन्सला बोल लावू नका.

उपाय दोनच. पहिला, वेळ. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातनंतर उगवतो. उगवायच्या आधी नावेत बसलेलं असावं आणि साडेनऊला कॅमेरा पिशवीत गेला तरी वाईट वाटू नये. दुसरा, अंतर. फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमीची लेन्स ५० मीटरवर साधारण ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच चौकट दाखवते. रोहित सव्वा ते दीड मीटर उंच असतो, म्हणजे तेवढ्यात तो चौकट भरतो. २०० मीटरवरून तीच चौकट १२ मीटर रुंद होते. मग घरी येऊन फोटो कापून पक्षी मोठा करायचा आणि सोबत मधली दोनशे मीटर हवाही मोठी करायची.

पण म्हणून नाव थव्यावर घालू नका. खाणाऱ्या रोहिताचं डोकं पाण्यात उलटं असतं, चोचीची वरची बाजू खाली. ती डोकी एकेक करून वर यायला लागली की नाव तिथेच थांबवायची. पुन्हा माना खाली गेल्या तर बांबूने हळूहळू पुढे. इंजिन शंभर-दीडशे मीटर अलीकडेच बंद करायला सांगा. 'उडवून दाखवा' असं नावाड्याला सांगणारे पर्यटक दर रविवारी असतात. चांगले नावाडी ते ऐकत नाहीत, आणि आपण तशी पाळी त्यांच्यावर आणू नये.

उडण्याचा फोटो हवा असेल तर तो न उडवताही मिळतो, वारा बघितला तर. एवढा जड पक्षी वाऱ्याच्या तोंडावरच उठतो आणि तसाच उतरतो. हिवाळ्यात सकाळी वारा असलाच तर बहुधा पूर्वेचा किंवा ईशान्येचा, आणि ऊनही पूर्वेचंच. त्यामुळे थव्याच्या पूर्वेला थांबलात तर पक्षी तुमच्याकडे तोंड करून पाण्यावरून धावत उठतात आणि उजेड नेमका त्यांच्या अंगावर पडतो. उडण्याआधी खाणं थांबतं, दोन-चार पक्षी एकाच दिशेला झपाझप चालायला लागतात, मागून बाकीचे. बोट शटरवर तेव्हाच हवं. मात्र माना ताठ करून सगळे मिळून डोकी डावी-उजवीकडे झटकत असतील आणि मध्येच एखादा पंख उघडून मिटत असेल, तर ती उडायची तयारी नव्हे, तो त्यांचा सामूहिक प्रणयनाच. त्या उघडलेल्या पंखांचा लाल-काळा रंग क्षणभरच दिसतो. १/१२५० पुरतं, घाई न करता एका पक्ष्यावर फोकस धरून वाट पाहा.

नावेत ट्रायपॉड नको आणि लेन्स नावेच्या कडेवर टेकवू नका. इंजिन चालू असेल तर सगळी थरथर काचेत जाते. कोपर मांडीवर, पाठ ताठ. पांढरे पक्षी सकाळच्या कोवळ्या उन्हात फोटोत जळतात, म्हणजे पोत हरवून नुसते पांढरे होतात, म्हणून एक्स्पोजर (फोटोचा उजेड) ०.७ स्टॉपने खाली.

जायच्या आधी धरणात पाणी किती आहे तेही विचारा. रोहिताला उथळ पाणी लागतं. पाऊस भरपूर झालेल्या वर्षी उजनी तुडुंब असते, काठचा गाळ उशिरा उघडा पडतो आणि थवेही उशिरा जमतात.

जांभळा शिंजीर आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीवर रोज यायचा. सप्टेंबरपासून फक्त मादी येते. नर मेला असेल का? (सदाशिव पेठ)

बहुधा तोच येतो आहे. विणीचा काळ संपला की जांभळ्या शिंजिराचा नर आपला चकचकीत पोशाख उतरवतो आणि मादीसारखा वरून तपकिरी-हिरवट, खालून पिवळसर होतो. गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक काळपट पट्टी उरते, ती शोधा. मादीला ती नसते. डिसेंबरनंतर अंगावर जांभळे ठिपके परतायला लागतील. या अर्धवट रंगाच्या दिवसांतले फोटो आम्हाला भर रंगातल्या फोटोंपेक्षा जास्त मोलाचे वाटतात, कारण ते फारसे कोणी काढत नाही.

रंग आला तरी तो नुसत्या उजेडात दिसत नाही. शिंजिराची झळाळी पिसांच्या रचनेतून येते, रंगद्रव्यातून नाही. सूर्य तुमच्या पाठीशी असेल आणि पक्ष्याने मान वळवली तरच निळा-जांभळा पेटतो, एरवी काळा ठिपका. त्यामुळे जास्वंदीची कुंडी अशी हलवा की सकाळचं ऊन तुमच्या खांद्यावरून तिच्यावर पडेल, आणि मागची भिंत किंवा झाड कुंडीपासून किमान तीन मीटर लांब असेल. शटर १/१६००. पंख थांबवायचा नाद सोडा, डोळा शार्प आला की पुरे.

बदकांचंही असंच असतं. ऑक्टोबरात आलेले थापटे आणि तलवार बदकं बघून 'सगळ्या माद्याच आल्या' असं वाटतं. डिसेंबरमध्ये पुन्हा जा.

कवडीपाटला कवड्या खंड्याची बुडी टिपायची आहे. दोन महिने रविवार घालवले. फोटोत नुसते पाण्याचे शिंतोडे येतात. (हडपसर)

काळ्या-पांढऱ्या खंड्याने तुम्हाला बाकीच्या खंड्यांपेक्षा एक सवलत दिली आहे. निळा खंड्या फांदीवरून सरळ सूर मारतो, पण हा आधी हवेत एका जागी पंख मारत तरंगतो. पाच सेकंद, कधी दहा. तुमचं काम त्या तरंगण्यात उरकायचं.

तो तरंगतो वाऱ्याकडे तोंड करून. म्हणून बंधाऱ्यावर पोहोचल्यावर आधी रुमाल धरून वारा कुठून येतो ते बघा आणि वारा पाठीवर घेऊन उभे राहा. मग त्याचा चेहरा तुमच्याकडे असेल. फोकसचा गट मधला, सतत फोकस चालू, शटर १/३२०० , अॅपर्चर एफ ५.६ ते ६.३, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ऑटोवर ठेवून वरची मर्यादा ३२००. लेन्स ६०० वर ताणू नका. इथेच बहुतेकांचा फोटो जातो. ४०० वर ठेवा आणि पक्षी चौकटीच्या वरच्या तिसऱ्या भागात धरा, कारण पुढच्या अर्ध्या सेकंदात तो खालीच येणार आहे. मध्यभागी धरलात तर बुडीच्या वेळी चौकटीत उरतं ते आकाश आणि नंतरचे शिंतोडे.

खाली जाण्याआधी पंखांचा वेग बदलतो, चोच सरळ खाली वळते आणि पंख अंगाला लागतात. चोच वळली की बर्स्ट (सलग फोटोंची फैर) सोडा. कधी तो अर्ध्यावर येऊन पुन्हा तरंगतो; घाबरून बोट उचलू नका, दुसरी पायरी पाण्याला जवळ असते आणि तिथून बुडी सोपी जाते.

इतकं करून बुडी हुकलीच तर मासा घेऊन तो कुठे बसतो ते पाहा. बहुधा जवळचा दगड किंवा वाळकी काठी. मासा तिच्यावर आपटून मारतो आणि मग डोक्याकडून गिळतो. हा फोटो बुडीच्या फोटोपेक्षा कमी मानाचा समजला जातो, का ते आम्हाला कळलेलं नाही. नर-मादीही इथे नीट ओळखता येतात: नराच्या छातीवर दोन काळे पट्टे, मादीच्या एकच आणि तोही मध्ये तुटलेला.

हिवाळ्यात पहाटे नदीवर धुकं असतं, त्या वेळी फोकस धुक्यातच अडकतो. तासभर चक्रवाक आणि धोबी पक्ष्यांवर घालवा, खंड्याला ऊन लागू द्या. प्रदूषित पाण्यावरचा पांढरा फेस चौकटीत आला तर कॅमेरा त्याला उजेड समजून पक्षी काळा करतो. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा.

पांगारा आणि काटेसावरीवर भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) थवे येतात. फुलं लाल ढेकूळ दिसतात, पाकळ्यांचा पोत जातो. (औंध)

लाल रंग एकटाच जळतो आहे. कॅमेऱ्याचा साधा आलेख (हिस्टोग्राम) सगळ्या रंगांची सरासरी दाखवतो आणि ठीक दिसतो. तिन्ही रंगांचा वेगळा आलेख चालू करा, लालची रेघ उजव्या भिंतीला टेकलेली दिसेल. ती सुटेपर्यंत एक्स्पोजर कमी करा, सहसा ०.७ ते १. पक्षी जरा अंधारला तर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये उचलता येतो, जळलेला लाल परत येत नाही. सकाळी साडेनऊच्या आत काम संपवा. आणि फुलात चोच असताना नव्हे, डोकं वर काढलं की दाबा; तेव्हा कपाळाला परागकण लागलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये हे थवे परततात, म्हणून लांबणीवर टाकू नका.

सिंहगड व्हॅलीत मोबाइलवर आवाज लावला की स्वर्गीय नर्तक दोन मिनिटांत समोर येतो. यात पक्ष्याचं काय बिघडतं? (धायरी)

त्याच्या कानाला तो आवाज म्हणजे हद्दीत घुसलेला दुसरा नर. तो खाणं, मादी, पिल्लं सोडून त्याला हुसकायला येतो, कोणी सापडत नाही, परत जातो. तासाभराने दुसरी गाडी येते आणि तोच आवाज पुन्हा. विणीच्या काळात दिवसातून सहा वेळा हे झालं तर त्याचं काय होत असेल याचा हिशेब अवघड नाही. फोटोतही ते कळतं: पिसं चिकटलेली, मान ताणलेली, नजर इकडेतिकडे. जाणकार असे फोटो ओळखतात.

आवाजाऐवजी पाण्याची वाट बघा. एप्रिल-मेमध्ये ओढे आटतात आणि दरीत एखादं डबकं उरतं, तिथे दुपारी तीननंतर सगळे अंघोळीला येतात. डबक्यापासून आठ-दहा मीटर मागे, झाडाच्या बुंध्याला पाठ लावून, जमिनीवर बसा. लेन्स पाण्याच्या पातळीला जितकी जवळ तितकी पार्श्वभूमी मऊ. मातकट कपडे, मोबाइल बंद, आणि पहिली चाळीस मिनिटं कोणी येणार नाही हे गृहीत धरून पाण्याची बाटली हाताशी. सावलीत १/५०० आणि आयएसओ १६०० ते ३२००. नराची लांब शेपटी चौकटीबाहेर जाते, म्हणून लेन्स थोडी मागे ओढा. डबकं दुसऱ्याने आधीच धरलं असेल तर मागे बसा किंवा उद्या या. पक्ष्यांना दोन बाजूंनी माणसं दिसली तर ते उतरतच नाहीत.

मेअखेर-जूनमध्ये नवरंग पक्षी दिसला तर त्याला हेच नियम. तो पानांच्या थरावर उड्या मारत किडे शोधतो आणि प्रत्येक दोन उड्यांनंतर थांबतो. थांबतो तेव्हाच फोटो. मग १/२०० सुद्धा चालतं.

आमच्या मळ्यातल्या विहिरीवर सुगरणींची घरटी आहेत. कधी आणि किती जवळून फोटो काढावेत? घरट्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे असंही ऐकलं. (मांजरी)

आधी कायदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणं येतं. लांबून फोटो काढण्याने त्रास होत नाही. फांदी वाकवणं, आड येणारी पानं तोडणं, आत डोकावायला शिडी लावणं याने होतो. सुगरण सोपी आहे, कारण तिचं बांधकाम उघड्यावर चालतं आणि बघण्यासारखं सगळं अंडी घालण्याआधीच घडतं. इतर पक्ष्यांची घरटी सापडली तर आमचा सल्ला सरळ आहे: फोटो नको, पत्ता कोणाला सांगणंही नको.

जून-जुलैत पाऊस पडून गवत वर आलं की नरांची धांदल सुरू होते. नराच्या डोक्यावर पिवळी टोपी, मादी चिमणीसारखी. नर गवताच्या किंवा शिंदीच्या पात्याला कडेने चावून खाच पाडतो, टोक चोचीत धरून उडतो आणि पाती सोलून निघते. लांब पाती मागे लहरत असताना उडणारा नर हा पहिला फोटो. पूर्ण घरट्याला साधारण १८ दिवस लागतात, पण आठेक दिवसांत ते उलट्या टोपीसारखं होतं, मध्ये आडवी दोरी. या टप्प्याला नर खाली लोंबकळून पंख फडफडवतो, मादी येते, आत शिरते, धागे ओढून बघते. पसंत पडलं तर नर नळी पूर्ण करतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लटकत राहतात; एका झाडावर ती किती आहेत ते मोजा, नरांच्या नशिबाचा अंदाज येतो. टोपीचा टप्पा हाच फोटोंचा हंगाम. विणकाम बघायचं तर सकाळी सात ते दहा.

सुगरणी बहुधा झाडाच्या पूर्वेच्या बाजूला घरटी लटकवतात, नैऋत्येच्या वाऱ्यापावसापासून आडोसा म्हणून. आपल्या फायद्याचं हे की सकाळचं ऊन नेमकं घरट्यांवर येतं. विहिरीच्या पूर्वेला, पंधरा-वीस मीटरवर, स्टुलावर बसा. उभ्या माणसापेक्षा बसलेल्याला नर लवकर सरावतात; दहा मिनिटांत काम पुन्हा सुरू झालं नाही तर आणखी पाच मीटर मागे. ढगाळ आकाश मागे आलं तर एक्स्पोजर १ ते १.३ वर, नाहीतर पक्षी काळी सावली होतो. विहिरीचा पलीकडचा हिरवा काठ मागे घेता आला तर सगळ्यांत उत्तम. शटर १/२०००, फडफड दाखवायची असेल तर १/२५०. घरटं शार्प आणि पंख धुरकट, हे फार छान दिसतं.

क्रॉप सेन्सरची (फुलफ्रेमपेक्षा लहान सेन्सरची) जुनी बॉडी आणि ७०-३०० लेन्स आहे. ६०० ची लेन्स घ्यायला कर्ज काढू का? (कोथरूड)

नको. ३०० मिमीवर सहा मीटर अंतरावरची तुमची चौकट सुमारे ४७ सेंटीमीटर रुंद आहे. बुलबुल वीस सेंटीमीटरचा. वेताळ टेकडीवर, पाषाण तलावाच्या काठी किंवा एम्प्रेस गार्डनमध्ये सहा मीटरवरचे पक्षी मिळतात, बसून राहिलात तर. सुप्याच्या माळावर गाडीतून उतरू नका. इंजिन बंद, काच खाली, लेन्स दाराच्या काठावर. माळटिटवी आणि चंडोल गाडीला घाबरत नाहीत, उतरलेल्या माणसाला घाबरतात. अभयारण्यात गाडी आखलेल्या वाटेवरच.

ताम्हिणीहून आल्यावर लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतं. (वारजे)

बुरशी. आजच साफ करायला द्या. वाढली तर काचेचा लेप खाते आणि मग साफ करूनही डाग राहतो. पुढच्या पावसाळ्यासाठी पंधरा-वीस लिटरचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात तीनशे ग्रॅम नारिंगी सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की १२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. तांदूळ घालू नका, पीठ उडतं. डांबरगोळ्याही नकोत. चामड्याच्या आणि कापडी पिशवीत लेन्स पावसाळाभर ठेवणं म्हणजे बुरशीला घर भाड्याने देणं.

आणि एसी गाडीतून थेट घाटात उतरू नका. गार काचेवर लगेच दव धरतं. पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा आणि कॅमेरा पिशवीतच राहू द्या.

लेन्स टेकवायच्या बीनबॅगेत काय भरावं? (सासवड)

जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवा आणि दीड किलो वाटाणे भरा. थर्मोकोलचे मणी हलके पडतात, मोठी लेन्स त्यांच्यावर डुलते. तांदूळ चालतो, पण उंदीर लागतात. मूग भरू नका; एका वाचकाने कळवल्याप्रमाणे जुलैत मोड येतात.